वारं गेलेला हात

आमच्या आळीत कुणाला 'पॅरालिसिस झाला' असं म्हणत नसत. 'अंगावरून वारं गेलं' म्हणत. लहानपणी मी ते अगदी शब्दशः घ्यायचे. बोळाच्या तोंडातून एक वारं शिरतं, झोपलेल्या माणसाला चाटून जातं आणि जाताना त्याचं अर्धं अंग घेऊन जातं. थंडीत आजी कानाला फडकं बांधायला लावायची ते त्या वाऱ्यासाठीच, अशी माझी खात्री होती.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका पहाटे ते वारं अण्णांच्या उजव्या अंगावरून गेलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं तांबं घडवलं. बंब, घंगाळी, कळशा, पिंपं, आणि गिऱ्हाइकं बदलली तसे दिवे नि फुलदाण्याही. त्यांचं नाव होतं ते मठारकामासाठी. घडवून झालेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके घालत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चकचकीत पैलू उमटतो आणि पत्राही टणक होतो. एका कळशीवर असे हजारो ठोके पडतात. एखादा चुकला तर भांडं उजेडात फिरवताना तो लगेच डोळ्यांत भरतो. अण्णांचा चुकत नसे.

त्या दिवशी पाच वाजता उठले आणि म्हणाले, हात बधिर झालाय, अंगाखाली आला असेल. आईने तेल गरम करून चोळलं. साडेसातला चहाचा कप ओठांशी नेताना चहा उजव्या कोपऱ्यातून गळला, तेव्हा आम्हांला कळलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि माणूस झोपेतून उठतानाच लुळा असेल, तर घड्याळ तो उठल्यापासून मोजत नाहीत, तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता तिथून मोजतात. अण्णा आदल्या रात्री दहाला झोपले होते. तरीही तेल चोळण्यात गेलेले ते अडीच तास माझ्या मनातून जात नाहीत. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं झालं, तोंड वाकडं दिसलं, हात खाली पडला, शब्द जड झाले, तर कृपा करून तेल गरम करू नका. गाडी बोलवा.

स्कॅनमध्ये दिसलेला डाग शेंगदाण्याएवढाही नव्हता. एवढ्याशा डागाने अर्धं अंग कसं जातं, हे मला तेव्हा समजेना. मग डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या वरच्या थरातून हातापायांकडे निघालेले सगळे तंतू खाली उतरताना एका अरुंद पट्ट्यातून जातात. इंटर्नल कॅप्सूल म्हणतात त्याला. वर पसरलेले तंतू तिथे एकमेकांना चिकटून चालतात, जशी आमच्या भागातली सगळी गर्दी मिरवणुकीच्या दिवशी एका बोळातून निघते. बोळाचं तोंड बंद झालं की मागची सगळी पेठ अडकते. अण्णांची बुद्धी, भाषा, आठवणी शाबूत होत्या. कळशी कशी मठारायची हेही त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. ते हातापर्यंत पोहोचत नव्हतं.

दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल एकच सांगते, कारण घरच्यांची घाई मी पाहिली आहे. दादा म्हणत होता, आजच उभं करा, पडून राहिले तर कायमचे पडून राहतील. त्याची तळमळ खरी होती. पण 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात पाच देशांतले 2,100हून अधिक रुग्ण होते, नेमकं हेच तपासलं गेलं. पहिल्या चोवीस तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या काळजीतल्या रुग्णांपेक्षा थोडी खालावलेलीच निघाली. उठवायचं असतंच, लवकर उठवायचं असतं, पण थोडं थोडं. जखमी मेंदूचा रक्तपुरवठा त्या वेळी नाजूक असतो.

बाराव्या दिवशी अण्णा घरी आले आणि घर सल्ल्यांनी भरलं. कुणी महानारायण तेल आणलं. लांबच्या एका काकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. आईने हात जोडून नको म्हटलं. मामांनी दाबायचा मऊ चेंडू आणला. आणि जो येई तो अण्णांना उठवताना उजवा हात धरून ओढी.

हे शेवटचं मला आज आठवलं तरी पोटात ढवळतं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेला चेंडू. बशी उथळ, चेंडू मोठा. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. ते ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानेच सांधा खाली सरकतो. थेरपिस्ट मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी अण्णांच्या खांद्याच्या टोकाशी माझं बोट नेलं. तिथे एक बोट मावेल एवढी फट होती. "यापुढे हा हात कुणीही ओढायचा नाही," त्या म्हणाल्या. "काखेत हात घालूनही उचलायचं नाही. बसताना हाताखाली उशी पाहिजे. आणि याला वाईट हात म्हणायचं नाही. उजवा हात म्हणायचं."

चेंडू त्यांनी बाजूला ठेवायला लावला. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. चेंडू दाबला तर शक्ती येईल ना? पण पुढच्या काही आठवड्यांत अण्णांचा हात आपणहून बदलत गेला. आधी तो ओल्या फडक्यासारखा होता. मग त्यात ताठरपणा शिरू लागला. कोपर दुमडायचं, मनगट आत वळायचं, बोटं मुठीत मिटायची. मेंदू एरवी मणक्यातल्या प्रतिक्षिप्त क्रियांना लगाम घालत असतो. लगाम सुटला की स्नायू जरा ताणला गेला तरी आवळतो. अण्णांची मूठ मिटायला कुणाची मदत लागत नव्हती. उघडायला लागत होती. मग मिटण्याचा सराव कशाला करायचा?

सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या थेरपिस्टने पक्षाघातातून सावरण्याचे सहा टप्पे मांडले आहेत. ढिलेपणा हा पहिला. मग हालचाल परतते, पण सुटी सुटी येत नाही, गठ्ठ्याने येते. खांदा उचलायला गेलं की कोपरही वाकतं, मनगटही, बोटंही. एक दोरी ओढली की सगळं गाठोडं वर. त्यानंतरचं सगळं काम म्हणजे तो गठ्ठा सोडवत जाणं: खांदा उचलायचा पण कोपर सरळ ठेवायचं, कोपर वाकवायचं पण बोटं उघडी ठेवायची. आपण निरोगी माणसं दिवसभरात हे हजारदा करतो आणि त्याला काही नाव असतं हेही आपल्याला ठाऊक नसतं.

पहिले तीन आठवडे मॅडमनी अण्णांना नुसतं बसायला शिकवलं.

दादा वैतागला. एवढी फी देऊन बसायला शिकायचं? पण अण्णा बसत होते ते सगळं वजन डाव्या मांडीवर टाकून, डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून. उजव्या बाजूला जणू खड्डा आहे आणि आपण त्यात पडू, अशी त्यांची चर्या असे. मॅडम त्यांच्या उजवीकडे बसत, स्वतःचा हात त्यांच्या कमरेशी ठेवत आणि म्हणत, "काका, माझ्याकडे थोडं या." दोन इंच. पुन्हा मागे. पुन्हा दोन इंच. कधी उजव्या बाजूला स्टुलावर पोथी ठेवत आणि पान उलटायला सांगत. ज्या दिवशी अण्णांनी डावा हात कडेवरून सोडून मांडीवर ठेवला, त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. उंच कड्यावर उभ्या माणसासारखा तो ताठ होता आणि मग हळूहळू सैल झाला. तोल परत आला की हात मोकळा होतो. हे क्रमाने होतं, त्याला फाटा देता येत नाही.

उठण्याचंही तसंच. अण्णा खिडकीचा गज डाव्या हाताने धरून, एका पायावर अंग खेचून उठायचे. मॅडमना ते चालेना. दोन्ही पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायचे, हात पुढे गुंफायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठायचं. अण्णा चिडले. "उठतो ना मी? कसा उठतो याच्याशी तुम्हांला काय करायचंय?"

हा प्रश्न या शास्त्रातला मोठा आणि जुना वाद आहे, हे मला पुढे कळलं. गेलेली बाजू गेली असं समजून चांगल्या बाजूने काम भागवायला शिकवायचं, की गेलेल्या बाजूलाच पुन्हा कामाला लावायचं? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुतेक ठिकाणी पहिलाच मार्ग होता. 1940च्या दशकात बर्टा बोबाथ या बर्लिनहून लंडनला आश्रयाला आलेल्या व्यायामशिक्षिकेने उलट आग्रह धरला. बिघडलेल्या बाजूचा ताठरपणा योग्य हाताळणीने बदलतो आणि तिथे स्वाभाविक हालचाल पुन्हा आणता येते, असं तिचं म्हणणं. तिचे पती कारेल बोबाथ हे डॉक्टर. त्यांनी त्यामागचं शास्त्र मांडायचा प्रयत्न केला. जगभरच्या थेरपिस्टांच्या दोन पिढ्या त्या मुशीतून गेल्या. पुढे वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करणारे अभ्यास झाले, तेव्हा कुठलीच एक नाव असलेली पद्धत बाकीच्यांपेक्षा ठामपणे सरस ठरली नाही. सराव किती होतो आणि तो खऱ्या कामाशी किती जोडलेला आहे, याला वजन येत गेलं.

मॅडमचं उत्तर मात्र कुठल्या पंथाचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काका, आज गजाला धरून उठाल. पण उजव्या पायावर भार कधी पडलाच नाही, तर तो पाय शिकणार कुठून? दोन महिने मला द्या. नाही जमलं तर गज आहेच." अण्णांनी दोन महिने दिले.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. मॅडम आठवड्यातून तीन तास येत. उरलेले एकशे पासष्ट तास अण्णा आमच्या हाती होते. आणि आम्ही त्यांच्यावर फार माया केली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं की मी पेला डाव्या हातात देत असे. आई घास भरवे. दादा बटणं लावून देई. पेपरचं पान मी उलटे. चौथ्या महिन्यात मनगट थोडं वर उचलता येऊ लागलं होतं, बोटं अर्धी उघडत होती, आणि तरी दिवसभर तो हात मांडीवर पाहुण्यासारखा पडून असे.

अमेरिकेत एडवर्ड टाउब या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताच्या फक्त संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या; हालचालीच्या नसा शाबूत. तरी माकड तो हात वापरेना. चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा मात्र वापरू लागलं. त्याचा अर्थ टाउबने असा लावला की सुरुवातीच्या दिवसांत माकड तो हात वापरून पाहतं, फसतं, पडतं, आणि त्यातून 'हा हात वापरायचा नाही' हे शिकतं. पुढे हात सावरला तरी ते शिकणं जात नाही. 1981मध्ये सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेवर माकडांच्या स्थितीवरून पोलिसांचा छापा पडला आणि त्यावरून फार मोठा वाद झाला. त्या माकडांचे हाल माझ्या मनातून जात नाहीत, आणि अण्णांचा हात त्यांच्यापासून मिळालेल्या माहितीवरच सावरला, हेही मी विसरू शकत नाही.

कारण त्यातूनच माणसांसाठीची पद्धत निघाली. चांगल्या हातावर मोजा चढवायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे. आणि दुसऱ्या हाताकडून रोज काही तास काम करून घ्यायचं. 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले 222 रुग्ण होते आणि मोजावाल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच सुधारला. वर्षानंतरही सुधारणा टिकली होती. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. पूर्ण लुळ्या हातासाठी हे नाही.

आई गरम पातेलं उतरवायला वापरते तो जाड हातमोजा आम्ही अण्णांच्या डाव्या हातावर चढवला. दिवसभर नाही, मॅडमनी रोज तीन तास सांगितले होते. पहिल्या दिवशी पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि आई स्वयंपाकघरात निघून गेली, तिला बघवेना. अण्णांनी चमचा मुठीत धरला, भरला, तो वाटेत रिकामा झाला. पुन्हा भरला. सतरंजीवर पोहे सांडत होते आणि मी हात मागे बांधून बसले होते. खरोखर, माझी बोटं मी एकमेकांत अडकवून ठेवली होती. चाळीस मिनिटांत सात घास. सातव्या घासाला अण्णा थकून रडले आणि मग स्वतःच म्हणाले, "आण अजून."

व्यायामात एक गोष्ट मला सतत खटकत होती. मॅडम म्हणत, हात वर करा. अण्णांचा हात छातीपर्यंत येई आणि कापत थांबे. रोज तेवढाच. एकदा त्या निघून गेल्यावर आईने खिडकीच्या वरच्या फळीवर पाण्याचा तांब्या ठेवला होता, अण्णांचीच घडण. त्यांना तो जरा कडेला आलेला दिसला. मी पाहत होते: उजवा हात उठला, छातीच्या वर गेला, खांद्याच्या रेषेत गेला आणि बोटांनी तांब्या आत ढकलला. अण्णांना स्वतःलाही कळलं नाही की त्यांनी काय केलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या एका इस्पितळात लिओन्तिएव आणि झापोरोझेत्स या दोन सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांनी जखमी सैनिकांचे हात तपासले होते. डोळे मिटून हात वर कर म्हटलं की तो थोडा जाई. अमुक खुणेला बोट लाव म्हटलं की जास्त. आणि समोरची वस्तू घे म्हटलं की त्याहून वर. तोच हात, तोच सांधा, तीच जखम. त्या जखमा बहुतेक हाताच्या होत्या, मेंदूच्या नव्हत्या, पण मॅडमच्या मते धागा एकच आहे. हालचाल कामासाठी जन्माला येते. नुसती 'वर कर' ही हालचाल आयुष्यात कुणी करत नाही.

मग त्यांनी विचारलं, "काकांची हातोडी कुठे आहे?"

दादाने खालच्या दुकानातून सर्वांत हलकी हातोडी आणली, आणि टाकाऊ पत्र्याचा एक चौकोन. लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवला. अण्णांनी हातोडी मुठीत घेतली, वरून डाव्या हाताने आधार दिला, आणि पहिला ठोका पत्र्यावर पडलाच नाही, लाकडावर पडला. दुसरा कडेवर. तिसरा तिरपा, हातोडीच्या कोपऱ्याने, खोल वण पाडून गेला. पन्नास वर्षं ज्याचा ठोका चुकला नाही त्या माणसाने त्या वणाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ठेवतील खाली. त्यांनी पत्रा थोडा फिरवला आणि चौथा ठोका घातला.

मॅडमची एक काळजी होती. हातोडी घट्ट धरायची म्हणजे मूठ आवळायची, आणि आवळणं तर हाताला नको इतकं येत होतं. म्हणून त्यांनी नियम घातला: दहा ठोके झाले की हातोडी खाली ठेवायची आणि मूठ पूर्ण उघडायची. घाईने नाही. मनगट आधी, मग अंगठा, मग बोटं. ती उघडेपर्यंत पुढचे दहा नाहीत. ठोक्यांना अर्धं मिनिट लागे, मूठ उघडायला कधी दोन मिनिटं. अण्णांना हे लवकर उमजलं. तांबंही ठोकून ठोकून कडक होतं, मग ते भट्टीत तापवून नरम करावं लागतं, नाहीतर तडकतं. त्यांनी विचारलं, हातालाही शेक द्यावा का? मॅडम नको म्हणाल्या, कारण उजव्या हाताला गरम नीट कळत नव्हतं आणि भाजल्याचं लक्षात आलं नसतं. "तुमची भट्टी म्हणजे हे उघडणं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून अण्णा मूठ उघडण्याला 'भट्टीत घालणं' म्हणतात.

एका अमेरिकन पाहणीत आढळलं होतं की थेरपीच्या एका सत्रात रुग्ण हाताने कामाच्या हालचाली सरासरी बत्तीसच करतो. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूचा नकाशा, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कुठलं अंग हलवतो याची वाटणी, बदललेला दिसतो, तिथे रोज काहीशे हालचाली करवलेल्या असतात. ही तफावत मला चटका लावून गेली. कुणाचा दोष असं नाही. वेळ तेवढाच असतो. पण अण्णा एका सकाळी तीनशे ठोके घालू लागले, आणि कुणी मोजायला लावलं म्हणून नाही.

विसाव्या शतकाच्या विशीत मॉस्कोच्या एका श्रमसंशोधन संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांनी कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून, छिन्नीवर घण मारतानाची त्यांची छायाचित्रं घेतली होती. कसबी माणसाचा घण दर वेळी अचूक जागी पडे. पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर वेळी निराळा असे. एक सांधा जरा चुकला तर दुसरा सांभाळून घेई. यावरून त्यांनी म्हटलं की सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा करणं नाही. तोच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवणं आहे. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बरोबर आहे," म्हणाले. "पत्रा दर ठोक्याला बदलतो. टणक होतो, सरकतो. मग हात तोच ठेवून कसं चालेल?"

ते पत्रे मी जपून ठेवले आहेत. एकूण एकवीस आहेत. पहिल्यावर वण आहेत, रांग नाही. सहाव्यावर ठोके उजवीकडे घसरत जातात, कारण खांदा थकला की कोपर बाहेर पडे. नवव्यावर एक कोपरा बिघडलेला आहे. त्या आठवड्यात अण्णांना ताप होता आणि झालेली प्रगती गेल्यासारखी वाटली होती. चौदाव्यावर पहिल्यांदा एक ओळ आहे. पुढच्यावर ती पुन्हा मोडली आहे. दवाखान्याच्या फायलीत गुण असतात, बार्थेल इंडेक्स नावाची शंभर गुणांची मोजपट्टी, 1965 सालची: जेवण, अंघोळ, कपडे, जिना, पलंगावरून खुर्चीत जाणं. अण्णांचे गुण पासष्टवरून नव्वदवर गेले. चांगली मोजपट्टी आहे ती. पण ती जमिनीवर बसता येतं का हे विचारत नाही, आणि आमच्या घरात देवपूजा, पंगत, काम सगळं जमिनीवर. अण्णांना नव्वद गुण पडले त्या महिन्यात ते आईला म्हणाले, "मला पाटावर मांडी घालून बसायचंय, बाकी मग बघू." त्याला आणखी पाच महिने लागले. त्यांच्यासाठी नॉर्मल ते होतं.

चालणं त्यामानाने लवकर आलं. पायाचा पंजा खाली लोंबायचा, म्हणून बुटात घालायची पट्टी मिळाली. कंबर उचलून पाय बाहेरून फिरवत टाकायची सवय पूर्ण गेली नाही, आजही थकले की दिसते. वाड्याचा जिना मात्र अवघड. सतरा पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. चढताना तो डाव्या हाताशी येतो, उतरताना उजव्या. नियम मॅडमनी पाठच करून घेतला होता: चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. चढायचे ते एकटे. उतरताना दादा पुढे एक पायरी खाली असे.

सगळं परत आलेलं नाही. शर्टाचं वरचं बटण लागत नाही. सही वाकडी येते. पहिले पाच-सहा घास उजव्या हाताने होतात, मग चमचा डावीकडे जातो. शेजारचे सांगायचे की सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, पण पंधरावा पत्रा दहाव्या महिन्यातला आहे आणि एकविसावा तिसऱ्या वर्षातला. दोन्ही शेजारी ठेवले की फरक मला बोटांनीही कळतो.

गेल्या आठवड्यात दुपारी अण्णा सज्जात बसले होते. खाली दुकानात नवा मुलगा कळशी मठारत होता, दोन महिन्यांपूर्वी आलेला. आवाज वर येत होता. अण्णांनी पेपर खाली ठेवला, मान कलती केली, थोडा वेळ ऐकलं.

"हात आवळलाय त्याने," म्हणाले. "दमेल. अधूनमधून सोडायला सांग त्याला."

मी उठेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी पोहोचले होते. दादा घरात नव्हता. मी मागे उभी राहिले, हाताला हात लावला नाही. त्यांनी उजवा हात कठड्यावर नेला, बोटं उघडायची वाट पाहिली, मग एकेक करून लाकडावर मिटली. करंगळी शेवटी आली. मग उजवा पाय आधी.